कंबनाचं १५ पैशांचं तिकीट: मोल किती आणि कशाचं

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या जुन्या अल्बममध्ये १९६६ सालचं एक हिरवट, १५ पैशांचं टपाल तिकीट मिळालं आहे, तमिळमध्ये रामायण लिहिणाऱ्या कंबन या कवीवरचं. कोरं आहे, मागे डिंक आहे, पण डिंकावर दोन तपकिरी ठिपके पडलेत. ते दुर्मीळ आहे का? विकलं तर काय येईल? आणि रामायण हा विषय धरून प्रदर्शनात काही मांडायचं ठरवलं तर याचा उपयोग होईल का?

पैशांचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात बोलण्यासारखं फार नाही. तिकीट दुर्मीळ नाही. त्या काळात देशातल्या देशात साधं पत्र पाठवायला १५ पैसे लागायचे. त्यामुळे त्या किमतीची स्मारक तिकिटं लाखांनी छापली जात आणि पोस्टाच्या खिडकीवर हातोहात खपत. बिनडागी कोरं तिकीट आज विक्रेत्याकडे साधारण चहा-वडापावच्या खर्चात मिळतं. तुमच्या तिकिटावर डाग आहेत, म्हणजे त्याहूनही कमी. ‘पन्नास-साठ वर्षं जुनं आहे हो’ असं सांगत लोक येतात तेव्हा वाईट वाटतं, पण या बाजारात वयाला भाव नसतो. भाव टिकून राहिलेल्या प्रतींच्या संख्येला आणि त्यांच्या अवस्थेला असतो.

मग या तिकिटाचं काय जपण्यासारखं? माझ्या दृष्टीने कोऱ्या प्रतीपेक्षा वापरलेलं पाकीट. एप्रिल १९६६ मध्ये तिकीट निघालं. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कुणीतरी खरोखर पत्र लिहून, हेच एक तिकीट लावून टपालात टाकलेलं पाकीट, त्यावर गावाचं नाव आणि तारीख वाचता येईल असा शिक्का. असं पाकीट शोधायला बसलात की कळेल, कोरं तिकीट शंभर ठिकाणी मिळतं आणि हे मिळत नाही. लोकांनी तिकिटं पाण्यात भिजवून सोडवली आणि पाकिटं फेकून दिली. तुमच्या वडिलांच्या कागदपत्रांत त्या वर्षाची जुनी पत्रं असतील तर ती आधी पाहा, अल्बम नंतर. आणि पाकिटावरून तिकीट सोडवू नका.

एक सावधगिरी. कुणी तुम्हाला हेच तिकीट निळसर किंवा पिवळट छटेत दाखवून ‘रंगाची चूक आहे, दुर्मीळ आहे’ म्हणून विकायला आला तर नमस्कार करून पुढे जा. एकरंगी छपाईचं तिकीट आहे, यातला एखादा रंग छापायचा राहिला असं होऊच शकत नाही. उन्हात ठेवलं किंवा रसायनाच्या वाफेवर धरलं की हिरव्याचा रंग पालटतो, आणि अशा पालटलेल्या प्रती ‘एरर’ म्हणून खपवल्या जातात.

डागांना आम्ही रस्ट म्हणतो. गंजासारखे दिसतात म्हणून ते नाव, असते ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डिंक असलेल्या तिकिटांना हा रोग हमखास होतो, आणि तो शेजारच्या तिकिटांना लागतो. म्हणून ते तिकीट अल्बममधून काढून वेगळ्या पारदर्शक पुडीत ठेवा. त्याच पानावरची बाकीची तिकिटं उलटी करून तपासा. डाग घालवायचे घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. ते उपाय डागासकट डिंकही घालवतात. तेवढे करण्यापेक्षा डागाळलेलं तिकीट अभ्यासासाठी ठेवा आणि प्रदर्शनासाठी दुसरं घ्या. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका.

आता अभ्यास. चांगलं दहापटीचं भिंग घ्या आणि तिकिटावरच्या अक्षरांच्या कडा पाहा. नुसत्या डोळ्यांना सरळ दिसणारी रेघ भिंगाखाली करवतीसारखी दातेरी दिसेल आणि छायेचे भाग बारीक बारीक चौकटींच्या जाळीने भरलेले दिसतील. हीच फोटोग्रॅव्ह्यूर छपाईची खूण. तांब्याच्या नळकांड्यावर कोरलेल्या सूक्ष्म खळग्यांत शाई भरते आणि तिथून कागदावर उतरते, त्यामुळे अक्षरसुद्धा खळग्यांच्याच जाळीतून बनतं. ऑफसेटच्या तिकिटात अक्षरांची कड स्वच्छ असते. एकदा डोळा बसला की भिंगाखाली चटकन ओळखता येतं.

कागदात अशोकस्तंभाच्या शीर्षाचं जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटलेली फिकट खूण, असायला हवं. १९५८च्या सुमारास ताऱ्यांचं जलचिन्ह जाऊन हे आलं. ते पाहायला पुस्तकात बेन्झिन हा द्रव वापरायला सांगितलेलं असतं, पण फोटोग्रॅव्ह्यूरच्या शाईला बेन्झिन मानवेलच असं नाही. तिकीट पालथं घालून काळ्या कागदावर ठेवा, बाजूने तिरपा प्रकाश टाका. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं.

हे तिकीट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसचं. तिथला सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभा राहिला. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून छापून बोटीने यायची. तिथे फोटोग्रॅव्ह्यूरवर छापलेली पहिली मालिका १९५२ची आणि तिचा विषय होता संत आणि कवी. कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ अशी सहा तिकिटं. या यादीवर जरा थांबा. सहापैकी विंध्याच्या दक्षिणेचा एकही नाही. तमिळ नाही, कन्नड नाही, तेलुगू नाही, आणि ज्या मुलखात ती तिकिटं छापली त्या महाराष्ट्राचाही कुणी नाही. आपल्या नामदेवांचं तिकीट यायला १९७० उजाडावं लागलं आणि ज्ञानेश्वरांचं तर १९९७.

तमिळ साहित्याचा अनुशेष थोडा लवकर भरायला घेतला गेला. १९६०च्या फेब्रुवारीत ‘तिरुक्कुरळ’ लिहिणारे तिरुवळ्ळुवर, त्याच वर्षी सप्टेंबरात आधुनिक कवी सुब्रह्मण्य भारती, आणि मग १९६६ला कंबन. भारतींनीच एका कवितेत म्हटलं होतं की कंबनासारखा, वळ्ळुवरांसारखा, ‘शिलप्पदिकारम’ लिहिणाऱ्या इळंगोसारखा कवी या पृथ्वीवर कुठेच जन्मला नाही. त्या तिघांतल्या दोघांची आणि ते म्हणणाऱ्याची अशी तीन तिकिटं सहा वर्षांत निघाली. तुमच्या प्रदर्शनात हे एक पान होऊ शकतं. माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं पान होईल.

१९६६ हे सालही पाहण्यासारखं आहे. २६ जानेवारी १९६५पासून हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा व्हायची होती आणि त्यावरून मद्रास राज्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, लोकांनी स्वतःला जाळून घेतलं. त्यानंतर सव्वा वर्षातच हा तमिळ महाकवी तिकिटावर येतो. बरं, आपल्या तिकिटांवर ‘भारत’ हा देवनागरी शब्द १९६२च्या अखेरीस आलेला. म्हणजे ज्या भाषेवरून रान पेटलं होतं तिचीच लिपी घेऊन तमिळ कवी घराघरांत गेला. म्हणून आंदोलन शमवायला तिकीट काढलं, असं मात्र मांडू नका. तिकिटाचा प्रस्ताव, समिती, चित्र, मंजुरी, छपाई यात भरपूर वेळ जातो. दोन घटना शेजारी ठेवा आणि पाहणाऱ्याला पाहू द्या.

याहून रंगतदार गोष्ट तमिळनाडूच्या आतली आहे. कंबनाविषयी तिथे एकमत होतं असं समजू नका. द्रविड चळवळीने त्याच्या रामायणावर, म्हणजे कंबरामायणावर, कडक टीका केली होती. आर्यांच्या नायकाला मोठं करणारं आणि द्रविडांच्या रावणाला राक्षस ठरवणारं काव्य, असा आक्षेप. १९४३ साली कंबरामायण आणि पेरियपुराणम (शैव संतांच्या चरित्रांचं काव्य) जाळावीत की नाही यावर जाहीर वादविवाद झाले. जाळण्याच्या बाजूने बोलणारे होते चळवळीतले नेते सी. एन. अण्णादुरै आणि समोर रा. पि. सेतुपिळ्ळै, सोमसुंदर भारती यांच्यासारखे विद्वान. पुढे अण्णादुरैंनी कंबनाच्या शृंगारवर्णनांवर ताशेरे ओढणारं ‘कंब रसम’ही लिहिलं. दुसऱ्या बाजूला कारैकुडीत सा. गणेशन यांनी १९३९ साली कंबन कळगम ही संस्था काढली आणि दर पंगुनी महिन्यात कंबनाचा उत्सव सुरू केला. पंगुनी म्हणजे साधारण मार्च-मध्य ते एप्रिल-मध्य, आणि उत्सवाचा मुख्य दिवस हस्त नक्षत्राचा.

आता पुढचं ऐका. १९६७ला अण्णादुरै मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९६८ मध्ये मद्रासला दुसरी जागतिक तमिळ परिषद भरली, त्या निमित्ताने मरीना किनाऱ्यावर तमिळच्या मानकऱ्यांचे पुतळे उभारले. तिरुवळ्ळुवर, कवयित्री अव्वैयार, भारती, तमिळचे परदेशी अभ्यासक जी. यू. पोप आणि काल्डवेल, आणि त्याच रांगेत कंबनसुद्धा! पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी ग्रंथ जाळायची भाषा केली त्यांच्याच सरकारच्या काळात हा पुतळा उभा राहिला. तिकिटाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. राजकारण बदललं म्हणा, किंवा भाषेचा अभिमान धर्मावरच्या वादाहून मोठा ठरला म्हणा. मला दुसरं अधिक पटतं.

हे सगळं ज्याच्यावरून झालं तो कवी कोण, हे आता. मराठी वाचकाला रामायण म्हटलं की एकनाथांचं भावार्थ रामायण, तुलसीदास, फार तर श्रीधराचा रामविजय आठवतो. कंबन या सगळ्यांच्या कितीतरी आधीचा. गाव तेरळुंदूर, कावेरीच्या मुखाकडच्या प्रदेशात, आजच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात. आश्रयदाता वेण्णैनल्लूरचा शडैयप्प वळ्ळल. काव्याचं खरं नाव ‘रामावतारम’, लोकांनी केलं कंबरामायण. सहा कांडं, दहा हजारांहून जास्त कडवी. उत्तरकांड त्याने लिहिलं नाही, ते परंपरेने ओट्टक्कूत्तर या दुसऱ्या कवीच्या नावावर आहे.

काव्याच्या सुरुवातीला तो आपल्या धाडसाबद्दल म्हणतो की क्षीरसागराच्या काठी मांजर यावं आणि सगळा समुद्र चाटून संपवायची हाव धरावी, तशी माझी रामकथा सांगायची हाव. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातली चोचीने सागर मापायला निघालेली टिटवी ज्यांना पाठ आहे त्यांना हे मांजर लगेच आपलं वाटेल. दोघांचाही नम्रपणा सारखाच लबाड आहे. समुद्र आटोक्यात येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

कथा वाल्मीकीचीच, पण वळणं स्वतःची. मिथिलेत धनुष्य मोडण्याआधीच राम रस्त्यावरून जाताना आणि सीता गच्चीवर उभी असताना दोघांची नजरानजर होते. वाल्मीकीत हे नाही. रावण सीतेला हात लावत नाही, पर्णकुटीखालची जमीनच उपटून कुटीसकट उचलून नेतो. युद्धकांडात बिभीषणाच्या तोंडी हिरण्यकशिपूची आणि नरसिंहाची अख्खी कथा घातली आहे. ग्रंथ श्रीरंगमच्या देवळात विद्वानांपुढे पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा याच भागावर आक्षेप आला आणि शेजारच्या देवळातल्या नरसिंहाने मान डोलावून मान्यता दिली, अशी आख्यायिका आहे. श्रीरंगमला रंगनायकीच्या देवळासमोर तो मंडप आजही दाखवतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो राज्याभिषेकाचा श्लोक. हनुमानाने सिंहासन तोललं आहे, अंगदाने तलवार धरली आहे, भरताने पांढरं छत्र, उरलेल्या दोन भावांनी चवऱ्या. आणि मुकुट? तो वेण्णैनल्लूरच्या शडैयनच्या पूर्वजांनी पुढे केला, मग तो घेऊन वसिष्ठाने रामाच्या मस्तकावर ठेवला! आपल्या यजमानाच्या घराण्याला कंबनाने थेट अयोध्येच्या दरबारात उभं केलं. राजाच्या स्तुतीने पानंच्या पानं भरण्याच्या काळात एका धनिक शेतकऱ्याचं नाव या जागी येतं. कंबनाच्याच नावावर नांगराची थोरवी गाणारं ‘एर एळुपदु’ हे सत्तर कडव्यांचं काव्यही सांगितलं जातं. त्यामुळे शेतकऱ्याशी त्याचं नातं नुसत्या उपकारापुरतं नसावं.

मराठी माणसाला आणखी एक धागा इथे सापडेल. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या बरोबर असलेले तमिळ क्रांतिकारक व. वे. सु. अय्यर पुढे बळ्ळारीच्या तुरुंगात होते आणि तिथे बसून त्यांनी कंबरामायणावर इंग्रजीत एक दणदणीत अभ्यासग्रंथ लिहिला. होमर, मिल्टन यांच्या बरोबरीने कंबनाला तोलणारा. तमिळ न येणाऱ्याने कंबनाकडे जायचं तर ही वाट आजही चांगली आहे.

आता प्रदर्शन. तुम्ही पहिल्यांदाच मांडणार, तर एकच फ्रेम घ्या, म्हणजे सोळा पानं. ‘रामायण’ एवढा मोठा विषय सोळा पानांत मावत नाही. ‘रामकथा सांगणारे कवी’ असा बारीक करा. मग साहित्य आपोआप लागतं: तुलसीदास १९५२ आणि रामचरितमानसावरचं १९७५चं तिकीट, कंबन १९६६, वाल्मीकी १९७०, एकनाथ २००३. गंमत पाहा, आदिकवीचा नंबर तुलसीदास आणि कंबन यांच्या मागून लागला. किमतींकडेही लक्ष द्या. एक आण्यापासून १५, २०, २५ पैशांवरून एकनाथांच्या पाच रुपयांपर्यंत. ते टपालाच्या दरवाढीचं टिपणच आहे, एखाद्या ओळीत उल्लेख केलात तर परीक्षक खूश होतात. २०१७ साली वाराणसीत प्रकाशित झालेला रामायणाचा अकरा तिकिटांचा संच प्रसंग दाखवायला उपयोगी पडेल. चोळकालासाठी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं २०१०चं तिकीट घ्या.

पण सोळा पानं नुसत्या तिकिटांनी भरलीत तर गुण जातील. पहिल्या दिवसाची पाकिटं (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली), एखाद्या प्रसंगानिमित्त काढलेली विशेष पाकिटं, पोस्टकार्डं, देवळांच्या गावांतले चित्रमय शिक्के, मघाशी म्हटलं तसं खरं वापरलेलं पाकीट, यांची सरमिसळ हवी. बाजारातली देवळांची रंगीत चित्रकार्डं मात्र नकोत, ती टपाल साहित्यात धरत नाहीत. आणि त्या वर्षीची सोबतची तिकिटं एका पानावर आणायचा मोह होईल, कारण जवळजवळ प्रत्येक मराठी घरातल्या अल्बममध्ये ती असतातच: शास्त्रीजींचं काळं, १४ एप्रिलचं बाबासाहेबांचं, ९ मेचं गोखल्यांचं जन्मशताब्दीचं, सगळी १५ पैशांचीच. रामकथेच्या फ्रेममध्ये त्यांना जागा नाही. १९६६ या वर्षाची वेगळी फ्रेम करा, ती महापेक्सला, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यस्तरीय तिकीट प्रदर्शनाला सुद्धा शोभेल.

दोन गोष्टी मथळ्यांबद्दल. कॅटलॉगमध्ये कंबन आणि कंबर अशी दोन्ही नावं मिळतात, शोधताना दोन्हींनी शोधा. आणि तिकिटावरचा चेहरा हा त्याचा खरा चेहरा आहे असं लिहू नका. त्याच्या काळातलं कुठलंच चित्र उपलब्ध नाही. ज्ञानेश्वरांच्या घरोघरच्या तसबिरीचं जे आहे तेच इथे.

काळाबद्दल मात्र जपून लिहा, कारण परीक्षकांत एखादा तमिळ जाणकार असला तर तो इथेच बोट ठेवेल. एका जुन्या पद्यात ग्रंथाच्या पहिल्या वाचनाचं वर्ष शके ८०७ दिलं आहे, म्हणजे इसवी ८८५. त्यावरून काही कॅटलॉग आणि जुनी पुस्तकं त्याला नवव्या शतकात टाकतात. अभ्यासकांचा कल मात्र बाराव्या शतकाकडे आहे, चोळांच्या उत्तरकाळाकडे. तिसऱ्या कुलोत्तुंग या चोळ राजाच्या, म्हणजे ११७८ नंतरच्या काळात त्याला ठेवणारेही आहेत. तुम्ही मथळ्यात ‘चोळकालीन कवी, बहुधा १२वे शतक, परंपरेनुसार ९वे’ एवढं लिहा. जन्म-मृत्यूची वर्षं कंसात टाकू नका, कुठल्याही संकेतस्थळावर कितीही ठामपणे छापलेली दिसली तरी.